स्कोअर पाठ, पण आजाराचा दिवस माहीत नाही: साथीतल्या आरोग्यसाक्षरतेबद्दल

रानजाई

एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात कोणाचाही फोन आला की "कसं वाटतंय?"च्या आधी "स्कोअर किती आला?" हा प्रश्न यायचा. एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर, पंचवीसपैकी. दहावीच्या मार्कांसारखा तो नातेवाइकांत फिरायचा.

आमच्या भागातल्या काही जणांनी मिळून तेव्हा बेड आणि ऑक्सिजनची माहिती देणारी हेल्पलाइन चालवली होती. संध्याकाळचे फोन माझ्याकडे असायचे. पलीकडून कागद वाचला जायचा: स्कोअर नऊ, मग रक्ताच्या तपासण्या, सीआरपी अमुक, डी-डायमर तमुक, फेरिटिनपाशी थोडं अडखळणं. सगळं ऐकून घेऊन मी विचारायचे, "पहिलं लक्षण कधी दिसलं?" उत्तर यायचं, "रिपोर्ट परवा आला." "रिपोर्ट नाही हो, अंग कधी मोडून आलं?" मग फोनवर हात ठेवून घरात चर्चा. "बहुतेक गुरुवारी... नाही, बुधवारी. आईंनी आम्हाला सांगितलंच नाही." आणि आत्ता ऑक्सिजन किती? "बसून ९५." चालून आल्यावर? "आजारी माणसाला चालायला कशाला लावायचं?"

म्हणजे हजारो रुपयांच्या तपासण्या झालेल्या, आणि पुढचा निर्णय ज्यांवर ठरणार त्या दोन फुकटच्या गोष्टी कोणी विचारलेल्याच नाहीत.

लोकांकडे तेव्हा माहिती कमी होती असं मला कधीच वाटलं नाही. आकडे भरपूर होते. कोणता आकडा कितव्या दिवशी बघायचा आणि बघून काय करायचं, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. आरोग्यसाक्षरता म्हणतात ती माझ्या लेखी हीच.

स्कोअरचंच घ्या. फुफ्फुसाचे पाच भाग असतात, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. प्रत्येक भाग किती व्यापलाय त्याला शून्य ते पाच गुण, आणि त्यांची बेरीज. हा त्या दिवसाचा फोटो. तिसऱ्या दिवशी स्कोअर ३ आला म्हणून नवव्या दिवशी माणूस सुखरूप असेलच असं नाही. उलट स्कोअर १२ असूनही ऑक्सिजन ९७ असलेला, नीट जेवणारा माणूस घरी देखरेखीखाली बरा होऊ शकतो. मे २०२१ च्या सुरुवातीला एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी काढू नका असं जाहीरपणे सांगितलं. सोबत त्यांनी एक सीटी म्हणजे ३००-४०० एक्स-रे अशी तुलना केली, तिला रेडिऑलॉजिस्टच्या संघटनेने हरकत घेतली, आणि चर्चा त्या तुलनेवरच अडकली. सौम्य आजारात त्या फोटोने उपचार बदलत नाहीत, हा मूळ मुद्दा बाजूलाच.

त्याच सुमारास राज्याच्या आरोग्य खात्याने सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली होती. आधी ऑक्सिमीटरवर आकडा बघायचा, मग घरातच सपाट फरशीवर नेहमीच्या चालीने सहा मिनिटं चालायचं, आणि परत बघायचं. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनाहून जास्त उतरला, किंवा दम लागला, तर दवाखाना गाठायचा. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं चालायचं. पेपरांत छापूनही आलं होतं, पण आम्हाला फोन करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते ऐकलं होतं. फुकट होतं म्हणून की काय, कोण जाणे.

दिवस मोजायला एवढं महत्त्व का? ढोबळमानाने पहिला आठवडा विषाणूचा असतो, आणि त्यानंतर बिघडतं ते बऱ्याचदा आपल्याच प्रतिकारशक्तीच्या अतिउत्साहामुळे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजन लागणाऱ्यांचे सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा नाही, कल झालाच तर नुकसानाकडे. इतकं स्वस्त औषध आणि इतकी स्पष्ट अट. आपल्याकडे औषध पोचलं, अट पोचली नाही.

तुमच्या घरी, गावात, सोसायटीत तेव्हा काय कळलं होतं, काय नव्हतं, आणि जे कळलं ते कोणाकडून, हे वाचायला आवडेल. राजकारण शक्यतो नको. (शक्यतो.)

बिनसाखरेचा चहा

"औषध पोचलं, अट पोचली नाही" याला +१.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका प्रिस्क्रिप्शनचा फोटो फिरत होता. वरचं डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव अंगठ्याने झाकलेलं. आयव्हरमेक्टिन (जंतांवरचं औषध), डॉक्सी (अँटिबायोटिक), झिंक, व्हिटॅमिन सी आणि शेवटी स्टेरॉइडची गोळी, दिवसातून दोनदा. खाली शिफारस: "आमच्या साडूंना दुसऱ्या दिवशीच गुण आला." मेडिकलवाल्याला फोटो दाखवला की पुडकं तयार. आणि तो साडूवाला काही थापा मारत नव्हता बरं का. स्टेरॉइडने ताप उतरतो, भूक लागते, माणूस तरतरीत होतो. नवव्या दिवशी काय होतं ते फोटोत नव्हतं, इतकंच.

त्या गोळ्या खाणाऱ्यांत मधुमेही होते. साखर कोणी तपासली? "आत्ता कोविडचं बघू, साखरेचं मागाहून." मग मे महिन्यात म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी' आली. २० मे २०२१ ला केंद्राने राज्यांना तो अधिसूचित आजार (प्रत्येक रुग्ण सरकारला कळवायचा असा) करायला सांगितलं. आमच्या ग्रुपवर चर्चा कशाची, तर कांद्यावरच्या काळ्या डागाची! फ्रिजच्या रबराला काळं दिसतं तीच ही बुरशी, असंही होतं. आदल्या पंधरवड्यात खाल्लेल्या गोळ्यांचं नाव कोणी काढलं नाही.

शंकासुर

वा. म्हणजे लोक निरक्षर होते म्हणून मेले, असं ठरलं तर.

रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २० नोव्हेंबर २०२० लाच सांगितलं होतं की याने जीव वाचतो असा पुरावा नाही, रुग्णालयातल्या रुग्णांना देऊ नका. त्यानंतर पाच महिन्यांनी महाराष्ट्रभर त्याच्यासाठी रांगा होत्या. ११ एप्रिलला निर्यातबंदी करावी लागली. रुग्णालयाने (नाव घेत नाही) रात्री अकराला माझ्या मेव्हण्याच्या हातात चिठ्ठी ठेवली: सहा व्हायल, सकाळपर्यंत आणा. त्या माणसाने काय करायचं होतं? "डॉक्टर, तुम्ही सॉलिडॅरिटी ट्रायल (रेमडेसिविर तपासणारी संघटनेची मोठी चाचणी) वाचलीत का" असं विचारायचं? रिक्षा चालवतो तो.

चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर, विकणारा दुकानदार, गप्प बसणारं प्रशासन. आणि साक्षर व्हायचं कोणी, तर पेशंटने. 'आरोग्यसाक्षरता' ही व्यवस्थेला हात झटकायची सोय आहे.

रानजाई

शंकासुर, निरक्षर हा शब्द तुमचा, माझा नाही. आम्हाला फोन करणाऱ्यांत बँकेतले, आयटीतले, एक-दोन प्राध्यापकसुद्धा होते. शिक्षणाचा आणि याचा संबंध मला तरी फारसा दिसला नाही.

चिठ्ठीबद्दल तुमचं बरोबर आहे. ती चिठ्ठी देणंच गैर होतं, त्यात दुमत नाही. पण त्या रात्री नातेवाइकाच्या हातात एक प्रश्न असता तर? "हे नाही मिळालं तर काय फरक पडेल?" एका मुलाने तो खरंच विचारला होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "मिळालं तर ठीक, पण वडिलांना मुख्य गरज ऑक्सिजनची आणि डेक्साची आहे, ते चालू आहे." तो मुलगा रात्रभर गावभर हिंडला नाही, बापाजवळ थांबला. ट्रायल त्यानेही वाचली नव्हती.

रेमडेसिविर अगदी पाणी होतं असंही नाही. अमेरिकेतल्या एका चाचणीत बरं होण्याचा काळ १५ दिवसांवरून १० वर आला होता. पुढे एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजार गंभीर होण्याचा धोका असलेल्या, पण अजून सौम्य अवस्थेतल्या रुग्णांसाठी त्याची सशर्त शिफारस केली. म्हणजे लवकर द्यायचं ते उशिरा दिलं आणि उशिरा द्यायचं स्टेरॉइड लवकर दिलं.

सिस्टर_मावशी

मी जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स होते, आता निवृत्त. शंकासुर, तुमचा राग मला पटतो. आमच्या बाजूचं सांगते.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असायचं. ओडी, बीडी, टीडीएस, एसओएस, म्हणजे दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा, गरज लागली तर. आम्ही तोंडी सांगायचो आणि शेवटी "कळलं ना?" विचारायचो. सगळे मान हलवतात. दवाखान्यातून कधी एकदा बाहेर पडतो असं झालेलं असतं, मान हलवायला काय जातंय. आमच्या एका मॅडमनी सवय लावली की "कळलं का" विचारायचंच नाही. "घरी गेल्यावर काय करणार ते मला सांगा" असं विचारायचं. याला टीच-बॅक म्हणतात हे मला नंतर ट्रेनिंगमध्ये कळलं.

एक आजोबा म्हणाले, "ही बारकी गोळी बरं वाटेस्तोवर घ्यायची." ती स्टेरॉइडची. म्हटलं, "बाबा, ही कार्डावर लिहिलीय तितकेच दिवस. संपली की दुसरं पाकीट आणायचं नाही. आणि बोटातून साखर बघायची. नाक चोंदलं, गाल दुखला, डोळ्याला सूज आली तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी नाही. आता तुम्ही सांगा." ते परत म्हणाले, "बरं वाटेस्तोवर." मग सुनेला बोलावलं, तिने बरोबर म्हणून दाखवलं, तिलाच कार्ड दिलं. एवढ्याला चार-पाच मिनिटं लागतात. त्या मे महिन्यात एका सिस्टरकडे किती पेशंट होते ते विचारू नका. जिथे जमलं तिथे केलं, सगळीकडे नाही जमलं.

ऑक्सिमीटरबद्दल. त्याच्यावर आकडे दोन असतात. "बाबांचा ऑक्सिजन ७८ झाला" म्हणून मुलगा धावत आला, तो नाडीचा आकडा वाचत होता. ऑक्सिजन ९६ होता. उलटंही व्हायचं, ऑक्सिजन ८८ असायचा आणि घरचे नाडीचा ९८ बघून निर्धास्त. नेलपॉलिश, मेंदी, गार पडलेली बोटं यांनीही घोळ होतो. हात चोळून गरम करायचा, मशीन लावल्यावर मिनिटभर थांबायचं, आकडा स्थिरावला की लिहून ठेवायचा. लिहून ठेवणं फार महत्त्वाचं, तोंडी कोणाला आठवत नाही.

आणि पालथं झोपवणं. केंद्राचं पत्रक एप्रिलमध्ये आलं, त्यात चित्रं होती म्हणून ते चाललं. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर नाही, गरोदर बाईला नाही. आता पाच उशा कोणाच्या घरात असतात? आम्ही गोधडीच्या घड्या करायला सांगायचो.

हडपसरकर

रानजाईंच्या पहिल्या पोस्टमधलं "आईंनी आम्हाला सांगितलंच नाही" हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. आईंनी का सांगितलं नाही?

मार्च २०२० आठवा. घरी विलगीकरणात राहायचं त्यांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारले जात होते. शिक्का दिसला म्हणून प्रवाशांना रेल्वेतून उतरवलं गेलं. मग इमारतीला पत्रे, दारावर कागद. माणूस लक्षणं लपवणारच. लपवली की पहिला दिवस हरवला, आणि पहिला दिवस हरवला की रानजाई म्हणतात ते सगळं गणित चुकलं.

हे पुण्यामुंबईला नवीन नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबर संपता संपता गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. साहेबाच्या दप्तरात याची नोंद अज्ञान म्हणून. पण कामगाराच्या बाजूने बघा: माणूस जबरदस्तीने उचलून नेतात, आत काय चालतं कोणी सांगत नाही, आणि बरेचसे परत येत नाहीत. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, माजघर-देवघर न बघता. त्या २२ जूनला काय झालं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. लोकांनी तेव्हा आजारी माणसं माळ्यावर लपवली, याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

त्याच साथीत हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात सावित्रीबाई फुल्यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंतराव यांचा दवाखाना होता. सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणायच्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या आणि त्यातच त्यांना लागण झाली असं सांगतात. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या. आणि हाफकिन यांनी त्याच वर्षी १० जानेवारीला आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. सांगणारा कोण आहे यावर ऐकणं अवलंबून असतं, हे काही सोशल मीडियाच्या काळात निघालेलं नाही.

२०२० मध्ये आपण १८९७ चाच कायदा बाहेर काढला. कायदा आपल्याला लगेच आठवला.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. मे २०२१ मध्ये आमच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देणार, ताप असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चच्या अखेरीस सांगून ठेवलं होतं की हे औषध फक्त चाचण्यांमध्येच वापरा. पुढे मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या मोठ्या चाचणीतही त्याचा फायदा दिसला नाही.

आता आमच्या घरात वाद: बाबा म्हणाले, सरकार सांगतंय म्हणजे काहीतरी असणार. ताई फार्मसी शिकलेली, ती म्हणाली, नको. बाबांनी सरकारवर विश्वास ठेवला यात त्यांचं काय चुकलं? शंकासुरांचा मुद्दा मला इथे पटतो. वरूनच चुकीचं आलं तर खालच्याने किती साक्षर व्हायचं?

टेम्सवरचा पुणेकर

इकडे इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० मध्ये लोकांनी मोबाइलचे टॉवर पेटवले, ५जीमुळे कोरोना होतो म्हणून. सगळे शाळा शिकलेले. तेव्हा रानजाईंच्या "शिक्षणाचा संबंध नाही" याला दुजोरा.

सिस्टर_मावशींच्या ऑक्सिमीटरच्या मुद्द्यात एक भर. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही ऑक्सिमीटर ठीक दाखवतो, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळलं. त्वचेच्या रंगाचा परिणाम. आपल्यासारख्यांसाठी त्यातून घ्यायचं ते हेच की एकट्या आकड्यावर विसंबू नये. काल ९७, आज सकाळी ९६, संध्याकाळी ९४ हा उतार जास्त बोलका. म्हणून त्या "लिहून ठेवायचा"ला माझे दहा गुण.

पायवाट

मला एक कळत नाही. कोविडमधून बरे झालात तर रक्तातला प्लाझ्मा द्या म्हणाले, माझ्या भावाने दोनदा दिला. मग मे २०२१ मध्ये उपचारांच्या यादीतूनच काढलं. कोविशील्ड लशीच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, मग एकदम बारा ते सोळा. आयत्या वेळी लस संपली की अंतर वाढवतात, असं सगळेच म्हणत होते. रोज बदलणाऱ्या सल्ल्यावर माणसाने विश्वास ठेवायचा कसा?

रानजाई

पायवाट, प्लाझ्माची गोष्ट खरं तर आपल्याला अभिमान वाटावी अशी आहे. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) देशभरातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले: प्लाझ्माने आजार गंभीर होणं किंवा मृत्यू टळत नाहीत. एवढं चांगलं काम भारतात झालं. पण यादीतून प्लाझ्मा गेला १७ मे २०२१ ला. मधले सात महिने तुमच्या भावासारखे लोक फोन आला की धावत होते. सल्ला बदलला यात वावगं काही नाही, तो फार उशिरा बदलला.

लसीच्या अंतराला आधार होता, जास्त अंतराने प्रतिसाद चांगला मिळतो असे परदेशातले आकडे होते. तुटवडाही होता. दोन्ही खरं असताना एकच सांगितलं गेलं, म्हणून लोकांनी दुसरं आपापलं ओळखलं. "आज आम्हाला एवढं कळलंय, पुढच्या महिन्यात बदलू शकतं" हे वाक्य सुरुवातीलाच म्हणून ठेवलं असतं तर नंतर एवढी पत गेली नसती.

तापीकाठ

उशिरा लिहितोय, इकडे रेंजची बोंब असते.

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्य खात्यात होतो, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर. तुमच्या धाग्यातले सीटी स्कोअर वगैरे आमच्याकडे नव्हतेच. आमच्याकडे मराठी हीच पाहुण्यांची भाषा. पोस्टर यायचं ते शुद्ध मराठीत, "सामाजिक अंतर राखा". पाड्यावर घरं आधीच एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. ते वाचून कोणी काय करावं?

पण अफवा बरोबर पोचली. लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार, असं नोबेल मिळालेल्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितलंय म्हणे. ल्यूक मोन्तान्ये यांच्या नावावर खपवलेलं खोटं विधान होतं ते. नोबेल कोणाला माहीत नव्हतं, फ्रान्सही नाही, पण "दोन वर्षं" ही मुदत सगळ्यांना माहीत.

त्यावर उपाय भाषणाने झाला नाही. झालं असं की पहिल्या खेपेला लस घेतलेल्या काहींना ताप आला, अंग दुखलं. हे होणार असं कोणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे लोकांना वाटलं, सुरुवात झाली. दुसऱ्या पाड्यावर आशाताईंनी पावरीत, म्हणजे तिथल्याच बोलीत, आधीच सांगितलं: आज रात्री ताप येईल, ही गोळी घे, परवा मी येते. आणि परवा ती खरंच गेली, डोंगर चढून. पुढच्या खेपेला त्या पाड्यावर जास्त लोक आले. तीच बाई त्यांच्या पोरांच्या लशींना वर्षानुवर्षं येत होती, तिचं ऐकलं. आम्ही गाडीतून उतरलेले, आमचं नाही ऐकलं.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या जूनमध्ये राज्यातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. हडपसरकर म्हणतात ना, सांगणारा कोण. तो सांगणारा किती पगारावर सांगतोय हेही बघा.

शंकासुर

तापीकाठ, तुमच्या पोस्टला शंभर टक्के अनुमोदन.

मग माझं म्हणणं एवढंच की या साक्षरतेची परीक्षा आधी सांगणाऱ्याची घ्या. कार्ड मराठीत आहे का? ताप येणार हे आधी सांगितलं का? दोन दिवसांनी परत गेलात का? नापास झाला तर सांगणारा नापास.

सिस्टर_मावशी

मान्य. पण शंकासुर, घरच्यांनी कणकण कधी आली तेवढं कॅलेंडरवर लिहावं की नाही? ते मी कुठून लिहू?

शंकासुर

तेवढं लिहावं. :-)

बिनसाखरेचा चहा

थोडं अवांतर, पण तसं नाहीच. आमच्या ग्रुपवर कालपासून डेंग्यू सुरू झालाय. "प्लेटलेट किती?" हाच प्रश्न. एकाचे ८५ हजार आले तर लगेच रक्तपेढ्यांचे नंबर, पपईच्या पानांचा रस, किवी. त्या मुलाचा ताप काल उतरलाय, आईवडील निवांत आहेत, फक्त प्लेटलेटची काळजी. सिस्टर, काय सांगू त्यांना?

सिस्टर_मावशी

ताप उतरला म्हणून निवांत होऊ नका, हे पहिलं सांगा. डेंग्यूत बिघडायचं ते बऱ्याचदा ताप उतरताना बिघडतं, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते विचारा. (परत तेच!) पुढचे एक-दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं: पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार मलूल होणं किंवा उगाच चिडचिड, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं. यातलं एक जरी दिसलं तरी प्लेटलेट कितीही असोत, लगेच दवाखाना. रक्तस्राव नसेल तर ८५ हजाराला प्लेटलेट चढवत नाहीत. डॉक्टर रक्ताचा घट्टपणा, म्हणजे हिमॅटोक्रिटसुद्धा बघतात, रिपोर्टमध्ये तोही असतो, पण ग्रुपवर कोणी टाकत नाही. तापाला फक्त पॅरासिटॅमॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. ओआरएस, पेज, नारळपाणी चालू ठेवायचं. पपईच्या रसाने उलट्या झाल्या तर त्या आजाराच्या की रसाच्या तेच कळत नाही, म्हणून मी तरी देऊ देत नाही.

बिनसाखरेचा चहा

तस्संच्या तसं ग्रुपवर टाकलं. त्या मुलाच्या वडिलांनी विचारलं, ताप रविवारी दुपारी सुरू झाला, मग आज चौथा दिवस का पाचवा?

सिस्टर_मावशी

रविवार पहिला धरायचा. म्हणजे आज गुरुवारी पाचवा. आज रात्री आणि उद्या नीट लक्ष ठेवा. उद्या सकाळी रक्ताची तपासणी परत करून डॉक्टरांना दाखवायला सांगा, जुना रिपोर्टही सोबत न्या.

शंकासुर

सिस्टर, हे एका पानावर मोठ्या अक्षरात करून द्या. झेरॉक्स काढून आमच्या नाक्यावरच्या मेडिकलमध्ये लावतो. रिक्षा स्टँडवर मेव्हणा लावेल. फक्त वर 'जनजागृती' असं लिहू नका, पुढचं कोणी वाचत नाही.

तापीकाठ

मलाही पाठवा. पावरीतलं मी आशाताईंकडून करून घेतो. चित्रं असतील तर आधी चित्रं पाठवा, मजकूर नंतर आला तरी चालेल.